एक्सएमएलचा कोड तपासून देणाऱ्यास जाहीर आभारपत्र

स.न.वि.वि.

जावास्क्रिप्टच्या ऑब्जेक्टमधून (नाव-किंमत जोड्यांच्या संचातून) एक्सएमएल, म्हणजे टॅगमध्ये बांधलेला मजकूर, काढणाऱ्या आमच्या छोट्याशा फंक्शनवर तुमचे शेरे मूळ कोडपेक्षा लांब निघाले. त्यातला एकही वाया गेला नाही, म्हणून हे पत्र.

पहिला शेरा & चा. एक्सएमएलच्या मजकुरात & आणि < जसेच्या तसे चालत नाहीत, त्यांच्या जागी &ॲम्प; आणि &एलटी; अशी सांकेतिक रूपं लिहावी लागतात. आम्ही आधी < बदलत होतो, मग &. त्यामुळे < चं झालेलं &एलटी; पुढच्याच ओळीत &ॲम्प;एलटी; होऊन बसायचं. पार्सर (एक्सएमएल वाचणारा प्रोग्रॅम) कुरकुरत नाही, फाइल नियमात बसते; वाचणाऱ्याच्या हाती मात्र < ऐवजी &एलटी; हीच अक्षरं पडतात. & सर्वांत आधी बदलायचा, मग बाकीची चिन्हं. ॲट्रिब्यूटच्या (टॅगच्या आत लिहिलेल्या गुणाच्या) किमतीत अवतरणचिन्हंही. एवढंच, पण ते दाखवायला तुम्हीच लागलात.

खरे आभार ॲरेच्या, म्हणजे क्रमवार यादीच्या, शेऱ्याचे. भाग: ["नट", "बोल्ट"] याचं <भाग>नट</भाग><भाग>बोल्ट</भाग> होतं आणि सगळं आलबेल दिसतं. ॲरेत एकटा "नट" उरला की टॅगही एकच, आणि परत वाचताना बहुतेक लायब्रऱ्या त्याची साधी स्ट्रिंग (नुसता मजकूर) करतात. त्यावर एकेक घटक घेणारा फॉर-ऑफ लूप फिरवला की चूक दाखवली जातच नाही. भाग म्हणून "न" आणि "ट" असे दोन हाती येतात! कोणते टॅग नेहमी ॲरेच धरायचे, त्यांची यादी वाचणाऱ्या कोडला द्यायची, हा तुमचा उपाय. रिकाम्या ॲरेचा तर मागमूसच राहत नाही, म्हणून बाहेरून <भागयादी> असा टॅग ठेवायचा, हेही तुमचंच.

तारखेचा घोळ त्याच जातीचा. जावास्क्रिप्टच्या लेखी डेट हा ऑब्जेक्टच. त्याच्या 'की' (आतल्या नोंदींची नावं) मोजल्या तर शून्य. म्हणून आमचा <दिनांक> रिकामा जात होता. आता ऑब्जेक्टच्या आत शिरण्याआधी डेट आहे का ते पाहतो आणि टूआयएसओस्ट्रिंगने मजकूर काढतो. नलची (किंमत नसल्याच्या खुणेची) तपासणी त्याच्याही आधी, कारण प्रकार सांगणारा टाइपऑफ नललाही ऑब्जेक्टच म्हणतो.

"10" आणि "2" अशा 'की' आकड्यानं सुरू होतात, त्यामुळे त्यांचे टॅग बनत नाहीत. शिवाय जावास्क्रिप्ट त्या कोणत्याही क्रमानं टाकल्या तरी 2, 10 अशाच देतं. <नोंद क्रमांक="10"> हा तुम्ही सुचवलेला तोडगा नावाचा प्रश्न सोडवतो; क्रम हवा तर डेटा मुळातच ॲरेत ठेवावा लागतो, हे तुम्ही पुढे जोडलंत ते बरं केलंत. समोरची स्कीमा (एक्सएमएलची रचना ठरवणारी नियमावली) टॅगचा क्रम तपासत असेल तर तिथेच गाडी अडते.

कॉपी-पेस्ट मजकुरातून येणारी न दिसणारी कंट्रोल अक्षरं हा शेवटचा शेरा. एक्सएमएल 1.0 मध्ये 32 च्या खालच्या अक्षर-क्रमांकांपैकी फक्त 9, 10 आणि 13 चालतात. बाकीची एस्केप करूनही (सांकेतिक रूपात लिहूनही) चालत नाहीत, काढूनच टाकावी लागतात. मजकूर सीडाटामध्ये (चिन्हं न बदलता मजकूर ठेवायच्या कप्प्यात) गुंडाळायचा आमचा बेत तुम्ही वेळीच मोडलात, कारण त्याच्या आतही ती निषिद्धच, आणि मजकुरात ]]> आलं की सीडाटा तिथंच संपतो.

आता बनवलेलं एक्सएमएल परत वाचून मूळ ऑब्जेक्टशी ताडून पाहणारी चाचणी लावली आहे: एका घटकाचा ॲरे, रिकामा ॲरे, नल, तारीख आणि & असलेलं नाव. पाचही नमुने तुमच्या शेऱ्यांतूनच उचललेत.

आपले आभारी,
फंक्शन लिहिणारे