रोपं नकोत, तीन उन्हाळ्यांचं पाणी द्या

सप्रेम नमस्कार,

औसा रोडलगतच्या आपल्या कॉलनीत मारुती मंदिरामागची एक एकर ओपन स्पेस मोकळी पडली आहे. तिथं सगळ्यांच्या उपयोगाचं रान उभं करायचं समितीनं ठरवलं आहे.

तीन वर्षांपूर्वी याच जागेवर आपण रोपं लावली होती. नारळ फुटले, फोटो निघाले. मे महिन्यात काळी जमीन अशी भेगाळली, की लेकराचा हात कोपरापर्यंत आत जावा. मुळं त्या भेगांत तुटली. काही खड्डे उकरून पाहिले, तर रोपाची प्लास्टिकची पिशवीसुद्धा काढलेली नव्हती. जगला तो कोपऱ्यावरचा एकच कडुनिंब, कारण चहाच्या गाड्यावरच्या मावशी कप विसळलेलं पाणी रोज त्याच्या बुडाशी ओतत होत्या. आज त्याच्या सावलीला रिक्षा लागतात.

म्हणून यंदा कृपा करून रोपं भेट देऊ नका, ती रोपवाटिकेतून मिळतील. पहिल्या उन्हाळ्यात आठवड्याला, दुसऱ्यात पंधरवड्याला आणि तिसऱ्यात महिन्याला एकदा पाणी लागेल. एप्रिल 2016 मध्ये आपल्या शहरानं मिरजेहून आलेल्या रेल्वेचं पाणी प्यायलं आहे, त्यामुळे झाडांसाठी नळाचं पाणी आम्ही मागणार नाही. ज्यांच्या बोअरला पाणी आहे, त्यांनी एक वार वाटून घ्यावा. ऊसवाल्या शेतकरी बांधवांना हात जोडून विनंती, पाचट जाळू नका, ट्रॉलीभर इकडं टाका. बुडाशी वीतभर आच्छादन असलं की ओल टिकते, भेगाही कमी पडतात.

शाळेची पोरं, दूधवाले रोज ज्या पाऊलवाटेनं जातात, ती तशीच ठेवणार आहोत. वाटेच्या दोन्ही अंगांना दहा फूट झुडूप नसेल, फक्त उंच खोडाची चिंच, करंज, कडुनिंब. संध्याकाळी बाईमाणसाला समोरचं लांबवर दिसलं पाहिजे, ही महिला मंडळाची सूचना. साऱ्या आराखड्यात आम्हाला तीच सर्वांत मोलाची वाटते. आत दाट रान हिवर, भोकर, आपटा, पळस, बहावा यांचं. कुंपणाला बोर आणि सागरगोटा. गुलमोहर का नाही, असं काही जण विचारतात. तो मूळचा मादागास्करचा, आणि वादळी वाऱ्यात त्याच्या फांद्या मोडून पडतात. पोरं खेळतात तिथं तो नको.

पुढं दाटी झाली की विरळणी करावी लागेल. 1975 च्या कायद्यानं शहरात परवानगीशिवाय झाड तोडता येत नाही, म्हणून आराखडा महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाकडे आधीच देत आहोत.

खड्डा, शेणखत, जाळी आणि टँकर धरून एका झाडाचा तीन वर्षांचा खर्च 900 रुपये येतो. झाडं 350 लावायची आहेत. जमेल तेवढं द्या, अगदी 50 रुपयांचीही पावती मिळेल आणि हिशोब दर महिन्याला मंदिराच्या फळ्यावर लागेल.

आपला वार सांगायला रविवारी सकाळी 7 वाजता मारुतीच्या पारावर या. घरात कुदळ, टिकाव असेल तर सोबत आणा. मृगाच्या आत खड्डे उन्हात तापून तयार व्हायला हवेत.

आपली,
रहिवासी समिती, लातूर