आठ ओहमच्या स्पीकरच्या जागी आठच लावा

महोदय,

भाच्याच्या पाच वॉटच्या व्हॉल्व्हवाल्या (काचेच्या निर्वात नळ्यांच्या) गिटार अँप्लिफायरचा आउटपुट ट्रान्सफॉर्मर, म्हणजे व्हॉल्व्ह आणि स्पीकर यांना जोडणारा, गेल्या महिन्यात जळाला. एका दुकानदाराने सांगितले होते, 'स्पीकर काढून नुसता चालवून बघा!' ट्रान्झिस्टरचा अँप हे बहुधा सोसतो. व्हॉल्व्हच्या अँपमध्ये मात्र लोड, म्हणजे स्पीकर, नसला की व्होल्टेज उसळते आणि इन्सुलेशन फुटते.

अशा छोट्या अँपच्या व्हॉल्व्हला साधारण ५००० ओहमचा लोड (ओहम हे विजेच्या अडथळ्याचे माप) हवा असतो. ट्रान्सफॉर्मरचे वेढे २५ला १ असले की ८ ओहमचा स्पीकर त्याला तेवढा भासतो, कारण वेढ्यांच्या प्रमाणाचा वर्ग धरायचा: २५ × २५ × ८ = ५०००. ४चा लावला तर निम्माच. आठाचे दोन समांतर जोडले तर ४, एकापुढे एक जोडले तर १६. मल्टिमीटर फक्त स्पीकरच्या तारेचा डीसी अडथळा मोजतो, त्यामुळे आठाच्या स्पीकरला सहा-सातच दाखवतो; तेवढ्यावरून स्पीकर भंगारात देऊ नये. (मी एकदा दिला होता.)

— एक जुना रेडिओ मेकॅनिक, पंचवटी, नाशिक