मास्तरांच्या हातचं दप्तर कुठे जाणार?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कमी पटाच्या शाळा जवळच्या मोठ्या शाळेत मिसळण्यावर आपल्याकडे बरीच पत्रं येत आहेत. मुलांनी रोज किती चालायचं, हा त्यातला खरा प्रश्न आहेच. मला विचारायचं आहे ते दप्तराचं. शाळेला कुलूप लागलं की जनरल रजिस्टर (म्हणजे दाखल मुलांच्या नाव-जन्मतारखेच्या नोंदींची वही), हजेरीपट, तपासणीला आलेल्या साहेबांचं शेरेबुक कुठे जातं?

माझे वडील पाटण तालुक्यातल्या एका वाडीवर एकशिक्षकी शाळेत मास्तर होते. सातवीची फायनल पास होऊन लागले, ट्रेनिंग मागाहून झालं. 1962 साली जिल्हा परिषदा आल्या, तरी म्हातारी माणसं कितीतरी वर्षं 'बोर्डाची शाळा'च म्हणत. शाळा भरायची मारुतीच्या देवळात. एका ओसरीवर चार इयत्ता. चौथीला गणितं घालून द्यायची, दुसरी-तिसरीला पावकी-निमकी म्हणायला लावायची आणि पहिलीच्या पोरांचा हात धरून पाटीवर अक्षर गिरवून घ्यायचं. पोस्टही त्यांच्याकडेच. मुंबईला गिरणीत असलेल्यांच्या मनीऑर्डरी यायच्या. बायका अंगठा उठवून पैसे घेत आणि कुपनावरच्या दोन ओळी वडील त्यांना हळू आवाजात वाचून दाखवत. कुणाच्या घरचं काय, हे त्यांनी आम्हाला, आईलासुद्धा, कधी सांगितलं नाही. शिरगणती आली की घरोघर तेच, मतदान आलं की तेच. पगाराला केंद्रशाळेत चालत जायचं आणि चालतच यायचं.

पण त्यांचा सगळा जीव जनरल रजिस्टरात. नाव घालायला आलेल्या पोराला डोक्यावरून हात घेऊन पलीकडचा कान धरायला सांगायचा; कान हाती लागला की पोर सहा वर्षांचं. जन्मतारीख बहुतेकांना माहीत नसे, आणि मग 1 जून. आजही सरकारी नोकरीतली कितीतरी माणसं 31 मे रोजी निवृत्त होतात, ती या नोंदींमुळेच. वडिलांना मात्र 1 जून लिहिणं आवडत नसे. ते पोराच्या आईला खोदून विचारत, भात कापणीला आलं होतं का, शिमगा झाला होता का, थोरला तेव्हा चालत होता का. त्यातून निदान महिना हाती लागला, तरच दुसरी तारीख पडायची.

11 डिसेंबर 1967 च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला. आम्हाला आणि शेजारच्यांना बाहेर काढल्यावर, उजाडायच्या आत वडील देवळाकडे गेले. भिंत दप्तराच्या पेटीवर पडली होती. दोघा-तिघांना घेऊन त्यांनी माती उपसली आणि पेटी आमच्या खोपटात आणून ठेवली. पुढचे कित्येक दिवस शाळा झाडाखाली भरली, पण हजेरी त्याच पटावर पडली.

अशा रजिस्टरांची किंमत आता सगळ्यांना कळली आहे. 2023 साली न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामात कुणबी नोंदी शोधताना गावोगावची शाळेची दप्तरं उघडली गेली आणि मोडी वाचणाऱ्यांना बोलावणी गेली. जातीच्या दाखल्याला, पेन्शनला, वारसाला लोक अजूनही त्याच पानाचा उतारा मागतात. तरीही गेल्या पावसाळ्यात एका बंद शाळेत मी जे पाहिलं, ते सांगताना जीव तुटतो. गळक्या पत्र्याखाली पोत्यात कोंबलेली रजिस्टरं, पानं एकमेकांना चिकटलेली. एका पानावर शाई पसरून अख्ख्या वर्गाची नावं गेली होती.

म्हणून विनंती आहे. कुठलीही शाळा मिसळण्याआधी तिच्या दप्तराची मोजून यादी व्हावी. जनरल रजिस्टर आणि शेरेबुकाची पानन्‌पान छायाप्रत काढावी आणि मूळ वह्या तालुक्याला कोरड्या जागी ठेवून त्यांची जबाबदारी एका माणसावर नावानिशी टाकावी. जुनी मोडी रजिस्टरं आधी घ्यावीत. ती वाचणारी माणसं थकली आहेत.

यादीच्या कामाला माणसं कमी पडत असतील, तर आमच्या भागात मी यायला तयार आहे. टाकाने लिहिलेलं जुनं अक्षर मला लागतं.

आपली,
एका प्राथमिक शिक्षकाची मुलगी,
जि. सातारा