डागावरच्या चिठ्ठ्या तुम्हीच लिहा

हडपसर, पुणे
मार्गशीर्षातला दुसरा गुरुवार

तीर्थरूप अण्णा आणि आई यांच्या चरणी साष्टांग नमस्कार, वि. वि.

हे सगळे फोनवर बोलता आले असते; पण फोनवर अण्णा "बरं, बघू" म्हणून फोन आईच्या हाती देतात, आई मला जेवलीस का म्हणून विचारते आणि मूळ विषय तसाच राहून जातो. म्हणून पत्र लिहिते आहे. आईने ते अण्णांना मोठ्याने वाचून दाखवावे आणि मधला कोणताही भाग गाळू नये.

काल पहाटे मी मार्केट यार्डाच्या फूलबाजारात गेले होते. तुम्हाला न कळवता गेले, याबद्दल आधी क्षमा मागते. मंगळवारी रात्री टेम्पोवाल्याला फोन केला, तेव्हा आपले चार डाग, म्हणजे बाजारासाठी भरलेली पोती, आहेत, तीन शेवंतीचे आणि एक गुलछडीचा, आणि अण्णांना सर्दी झाल्यामुळे ते या खेपेला येणार नाहीत, असे कळले. गुरुवारच्या महालक्ष्मीमुळे बाजारात गर्दी असणार आणि आपला माल एकटाच पडणार, हे मनात आले आणि मग झोपच लागली नाही. साडेतीनला उठले. हेही सोबत आले, कारण एवढ्या थंडीत मला एकटीला पाठवायला त्यांचे मन घेईना.

अण्णा, तुम्ही हा बाजार आयुष्यभर पाहिला आहे, तेव्हा मी तुम्हाला त्याचे वर्णन करावे हे बरे दिसत नाही. तरीही लिहिते, कारण जे तुम्ही रोज पाहत होता ते मी काल प्रथमच मोठ्या माणसाच्या डोळ्यांनी पाहिले. सासवड, यवत, उरुळी कांचनकडचे टेम्पो एकामागोमाग एक लागत होते. फाळका पडायच्या आतच हमाल पोत्यांना हात घालत होते, आणि हातगाड्यांच्या वाटेत उभे राहणाऱ्याची खैर नव्हती. खाली चिखल नव्हता, पण तुडवलेली पाने, देठ आणि पाणी यांचा असा राडा होता की माझ्या चपला दोनदा निसटल्या. एका बाजूला झेंडू आणि कापरीचे ढीग, दुसरीकडे अ‍ॅस्टरच्या जुड्या, बिजलीची पोती, पलीकडे वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या डच गुलाबाच्या 20-20 फुलांच्या गड्ड्या आणि प्रत्येक फुलाला प्लास्टिकची टोपी घातलेले जरबेरा. कालच्या दिवसाला खास म्हणजे कलशात ठेवायच्या पाच प्रकारच्या डहाळ्यांच्या जुड्या घेऊन बसलेल्या बायका होत्या. त्यांच्याभोवती हार-वेण्या करणाऱ्यांची इतकी झुंबड होती की पलीकडचा गाळा दिसत नव्हता.

आपला माल विकून देणाऱ्या आडतदारांकडे आता त्यांचा मुलगा बसतो. त्याने मला ओळखले नाही, पण डागावरची चिठ्ठी वाचून तो उठून उभा राहिला. तुमच्या अक्षरातले आपल्या गावाचे आणि तुमचे नाव, त्याखाली मालाचे नाव, आणि कोपऱ्यात तुम्ही नेहमी काढता ते छोटे स्वस्तिक. तो म्हणाला, "यांच्या मालाला मी हात घालून बघत नाही." तरीही मी त्याला बघायला लावले. गुलछडीच्या पोत्याचे तोंड सोडून त्याने कोपरापर्यंत हात आत घातला आणि अगदी तळाची मूठभर फुले वर काढली. कळ्या गार होत्या, ताठ होत्या, एकीचाही देठाकडचा भाग पिवळा पडलेला नव्हता. शेजारच्या एका शेतकऱ्याचे पोते उघडले तेव्हा आतून वाफ आल्यासारखी ऊब आली, आणि तो बिचारा मान खाली घालून "गच्च भरलं, माल तापला" एवढेच म्हणाला. आई, तू ओले फडके कसे घालतेस आणि पोते कसे सैल भरतेस ते मला लहानपणापासून दिसत होते, पण त्याचे मोल काल त्या तळाच्या मुठीत दिसले.

थंडीमुळे गुलछडीची आवक कमी होती, त्यामुळे आपल्या 6 किलोंवर दोघा गजरेवाल्यांनी एकदमच हात ठेवला आणि भाव चांगला फुटला. शेवंतीचा मात्र सगळीकडे ढीग होता. तरी गुरुवारमुळे उठाव होता आणि साडेसहाच्या आत माल संपला. विक्रीच्या हिशेबाची पट्टी मी स्वतः वाचून घेतली. हमाली, तोलाई आणि टेम्पोचे भाडे वजा होऊन जी रक्कम आली ती तुमच्या खात्यात जमा झाली आहे आणि पट्टी या पत्रासोबत जोडली आहे. वजनात कुठेही काटछाट नाही.

आता जे सांगायचे आहे त्याकडे येते.

माल उतरवणारे पांढऱ्या मिशांचे हमालमामा तुम्हाला आठवतात. त्यांनी मला बाजूला घेऊन विचारले, "अण्णा बरे आहेत ना आता?" मला वाटले, सर्दीविषयी विचारत आहेत. पण ते दसऱ्याच्या आदल्या पहाटेविषयी विचारत होते. तुम्हाला चक्कर आली, तुम्ही झेंडूच्या पोत्यांवर अर्धा तास बसून होता, कपाळावर घाम होता, त्यांनी आणलेला चहाचा कप तुमच्या हातात धरवत नव्हता, आणि तुम्ही त्यांच्याकडून घरी काही न सांगण्याचे वचन घेतले, हे सगळे मला काल पहाटे पाच वाजता, भर बाजारात उभी असताना कळले. मामांना कृपया बोल लावू नका. त्यांना वाटले की मला ठाऊक असेलच.

अण्णा, मी रागावलेली नाही. आई, तूही आता त्यांच्यावर चिडू नकोस. वाचून झाल्यावर जे काही बोलायचे असेल ते माझ्याशी बोल. तुम्ही का लपवले हे मला समजते. दसऱ्याचा झेंडू वर्षातून एकदा येतो, पोते घरी ठेवता येत नाही, आणि आषाढात दोन स्टेंट बसवले तेव्हाच आम्ही सगळे इतके घाबरलो होतो की पुन्हा कोणाला घाबरवायचे नाही, असे तुम्ही मनाशी ठरवले असणार. वरच्या वावराच्या वेळीही तुम्ही असेच एकट्याने सगळे सोसले होते. पण दिवे घाटातून रात्री दोन वाजता टेम्पोच्या केबिनमध्ये बसून येणे, रिकाम्या पोटी थंडीत उभे राहणे आणि नऊ वाजता घरी पोहोचून मग गोळ्या घेणे, हे तुमच्या हृदयाला आता झेपणारे नाही. डॉक्टरांनी जागरण आणि थंडी टाळायला सांगितले तेव्हा मी समोरच बसले होते.

म्हणून, येत्या सोमवारपासून तुम्ही मालासोबत बाजारात यायचे नाही. हे मी ठरवले आहे. दादा आणि ताईशी बोलून ठरवले आहे, आणि आडतदारांना व टेम्पोवाल्याला तसे सांगूनही आले आहे. तुम्हाला विचारायला हवे होते. विचारले असते तर तुम्ही "हा हंगाम होऊ दे" म्हणाला असता आणि मला पुढे बोलता आले नसते, म्हणून आधी ठरवून मग लिहिते आहे. माझी ही चूक तुम्ही पोटात घालाल याची खात्री आहे.

माल बंद करा, असे मी म्हणत नाही. शेवंती राहील, गुलछडी राहील, कंद निघतील तेव्हा पुढची लागवडही तुमच्याच सल्ल्याने होईल. डाग तुमच्याच नावाने उतरेल आणि पट्टी तुमच्याच नावाने फाटेल. टेम्पोवाला वस्तीवर येऊन डाग उचलेल, त्यासाठी त्याने डागामागे थोडे भाडे जास्त सांगितले आहे आणि ते मी मान्य केले आहे. ते पैसे मी देणार आहे, त्यावर चर्चा नको. इथे मामा माल उतरवून गाळ्यावर ठेवतील. पट्टीचा फोटो सात वाजेपर्यंत माझ्या फोनवर येईल आणि मी लगेच आईच्या फोनवर पाठवीन. सणाच्या आदल्या दिवशी आणि रविवारी मी स्वतः गाळ्यावर उभी राहीन. हडपसरहून मार्केट यार्ड मला काही लांब नाही, शाळा अकराची आहे, आणि कालचे जागरण मला मुळीच जाणवले नाही. माझी काळजी करू नका. जागेवर, म्हणजे वावरातच व्यापाऱ्याला, माल देऊन टाकायचा पर्यायही मी विचारात घेतला होता, पण तापलेल्या आणि न तापलेल्या मालाला तिथे एकच भाव मिळतो, आणि आईच्या सैल भरलेल्या पोत्याला तो न्याय होणार नाही, म्हणून तो सोडला.

तुमचा बाजार तुटेल असे मनातही आणू नका. महिन्यातून एका रविवारी हे गाडी घेऊन येतील, आठ वाजता, चांगले ऊन पडल्यावर. तुम्ही गाळ्यावर खुर्चीत बसा, थोरल्या आडतदारांनाही त्या दिवशी बोलावून घेऊ, आणि मग दोघांनी मिळून हवे तितके भाव काढा.

मी चौथीत असताना तुम्ही मला दसऱ्याच्या वेळी बाजारात आणले होते, आठवते का? मी झेंडूच्या पोत्यांवर झोपले होते आणि तुमची घोंगडी माझ्या अंगावर होती. घाटात जाग आली तेव्हा खाली पुण्याचे दिवे दिसत होते आणि तुम्ही एका हाताने टेम्पोची फळी आणि दुसऱ्या हाताने माझा पाय धरून बसला होतात, मी गडगडू नये म्हणून. रात्रभर तुम्ही तो पाय सोडला नाही. घोंगडी माझ्याकडे होती, म्हणजे तुम्ही त्या थंडीत नुसत्या सदऱ्यावर होतात, हे मला काल पहाटे, अंगात स्वेटर आणि वर शाल असताना लक्षात आले. पट्टीच्या पैशांतून तुम्ही मला कंपासपेटी घेऊन दिली. ती अजून माझ्या कपाटात आहे, आणि तिच्या झाकणाच्या कडेला झेंडूची एक पाकळी तपकिरी होऊन चिकटलेली आहे.

आता काही गोष्टी सांगते, त्या मात्र ऐकायच्या आहेत. सकाळची गोळी चहाबरोबर नव्हे, न्याहारी झाल्यावर घ्यायची आणि रात्रीची नऊच्या बातम्यांआधी. डबीत मी वारांप्रमाणे कप्पे भरून ठेवले आहेत. रविवारी आले की मोजणार आहे. तोडणीला उजाडल्याशिवाय वावरात जायचे नाही. फूल अर्धा तास उशिरा तोडले तर किलोमागे चार रुपये जातील, ते जाऊ देत. बिबट्या दिसल्याचे शेजारच्या वस्तीवरून दोनदा ऐकले आहे, तेव्हा अंधारात दोघांपैकी कोणीही एकट्याने विहिरीकडे जायचे नाही, मोटार चालू करायला तर नाहीच. मोठी बॅटरी टेम्पोवाल्याबरोबर पाठवली आहे, ती पेटीत जपून ठेवायची नाही, वापरायची आहे. अण्णांसाठी कानटोपी आणि लोकरीचे मोजे पाठवले आहेत. मोजे आईलाही आहेत. आई, तू दवात अनवाणी उभी राहून तोडतेस म्हणून तुझे गुडघे धरतात, हे तुला मी किती वेळा सांगितले? गमबूट घालायचे. बंबाला लाकडे फोडायचे काम अण्णांनी करायचे नाही. गड्याला सांगा, आणि त्याने टाळाटाळ केली तर मला फोन करा. पुन्हा कधी घाम आला, छातीत जड वाटले, चक्कर आली, तर पोत्यावर बसून राहायचे नाही, त्याच क्षणी आईला हाक मारायची. वचन मामांकडून घेतलेत तसे आता मला द्या.

एक काम मात्र तुमच्याशिवाय कोणाला जमणार नाही. डागावरच्या चिठ्ठ्या तुम्हीच लिहायच्या आहेत. टेम्पोवाला त्याच्या हाताने नाव लिहील, पण त्याच्या अक्षराला तिथे कोणी ओळखत नाही. सोबत पुठ्ठ्याचे तुकडे आणि पाण्याने न पुसणारे दोन पेन पाठवले आहेत. निवांत उन्हात बसून पन्नासेक चिठ्ठ्या लिहून ठेवा, 25 शेवंतीच्या आणि 25 गुलछडीच्या, आणि कोपऱ्यातले स्वस्तिक विसरू नका.

तुमची,
धाकटी

ता. क. : रिकामी पोती चार आणि फडकी तीन परत पाठवली आहेत. चौथे फडके गाळ्यावर राहिले आहे, सोमवारी येईल.