बंड्याची घंटागाडी

एडिसन, न्यू जर्सी
३ नोव्हेंबर २०२४

प्रिय शमे,

आज भाऊबीज. ओवाळायला इथे भाऊ नाही, आणि पहाटे घड्याळं तासभर मागे गेल्यामुळे बंड्या पाचलाच टक्क उठून बसलाय. म्हटलं, पत्र तरी लिहून होईल. तू पाठवलेलं उटणं वेळेत पोचलं. गुरुवारी आपल्या कॅलेंडरप्रमाणे नरक चतुर्दशी आणि इथला भुताखेतांच्या सोंगांचा सण हॅलोवीन एकाच दिवशी आले. म्हणजे पहाटे आईंनी, माझ्या सासूबाईंनी, नातवाला तेल-उटणं लावून न्हाऊ घातलं आणि संध्याकाळी तोच पोरगा कचऱ्याची गाडी होऊन गल्लीत फिरला.

हो, कचऱ्याची गाडी. बाकीची पोरं स्पायडरमॅन नाहीतर डायनॉसोर होतात. आमच्या चिरंजीवांचं दैवत म्हणजे कचऱ्याचा ट्रक. ट्रकचा तो लोखंडी हात डबा उचलून उलटा करतो, ते बघायला हा खिडकीला नाक लावून उभा असतो. ड्रायव्हरकाका भोंगा वाजवतात, मग दिवसभर घरात तीच चर्चा. सासूबाई तीन महिन्यांसाठी आल्यात, त्या कपाळाला हात लावून म्हणाल्या, "अगं, सणासुदीचं पोराला कचरा काय करतेस? कृष्ण कर, मावळा कर." पण दोन दिवसांनी खोक्याला हिरवा रंग देताना त्याच मांडी घालून बसल्या होत्या. "घंटागाडी करायची तर घंटा हवी," असंही त्यांनीच ठरवलं. देवघरातली मात्र द्यायला साफ नकार. शेवटी डॉलर स्टोअरमध्ये नाताळचे घुंगरू मिळाले (इथे दुकानांत ऑक्टोबरातच नाताळ सुरू होतो), ते बांधले. खोकं पुठ्ठ्याचं, त्यामुळे मला पावसाची धास्ती होती. पण यंदा न्यू जर्सीत सगळा ऑक्टोबर कोरडा ठणठणीत गेला. इतका कोरडा महिना इथे नोंदी ठेवायला लागल्यापासून झाला नव्हता म्हणे. त्या दिवशी पारा ऐंशी फॅरनहाइटच्या आसपास होता. एरवी पोरांच्या परीच्या पंखांवर जाडजूड जॅकेट चढवावं लागतं, या वेळी आम्ही घामाघूम.

तू विचारलं होतंस की त्या भुताखेतांना बंड्या घाबरेल का. घाबरले होते ते मी, आणि भुतांना नाही.

चिक्कीच्या एका कणाने त्याचे ओठ कसे सुजले होते ते तुला तेव्हा फोनवर सांगितलंच होतं. तेव्हापासून आमच्या घरातून दाण्याचं कूट हद्दपार झालं. आपल्या माणसांच्या घरात कूट नाही म्हणजे काय, ते तुला वेगळं सांगायला नको. भरली वांगी गेली, काकडीची कोशिंबीर बिचारी विधवेसारखी दिसायला लागली. आणि हॅलोवीन म्हणजे अनोळखी दारातून गोळ्या-चॉकलेटं घेऊन यायची. त्यातली निम्मी लोकप्रिय चॉकलेटं शेंगदाण्याची: रीसेस, स्निकर्स, बटरफिंगर. शिवाय त्या दिवशी मिळतात त्या चिमुकल्या वड्या. पुष्कळदा घटकांची यादी मोठ्या पिशवीवर असते, वडीवर नुसतं नाव. एकाच चॉकलेटची मोठी वडी चालते आणि छोटी चालत नाही असंही होतं, कारण ती वेगळ्या मशीनवर बनते. पदार्थात शेंगदाणा असेल तर तसं छापायची इथे कायद्याने सक्ती आहे, पण 'अंश असू शकतो' ही सूचना कंपनीच्या मर्जीवर. म्हणून आजवर आम्ही त्या संध्याकाळी दारावरचा दिवा बंद करून बसायचो. दिवा लावलेला असला की पोरांनी यायचं, बंद असला की दार वाजवायचं नाही, हा इथला अलिखित नियम. पडद्याआडून पोरांची वरात बघायची. पण आता चार वर्षांचा झालेला माणूस शाळेतून विचारत येतो, "आपला दिवा का नाही लावत?"

तर यंदा दिवा लावला. माझ्या पर्समध्ये एपिपेनची, म्हणजे अ‍ॅलर्जी उसळली तर टोचायच्या इंजेक्शनची, जोडी, नवऱ्याच्या हातात बॅटरी, आणि आई पैठणी नसली तरी नवी नारायणपेठ नेसून.

त्यांना आधी हे काही पटत नव्हतं. "दारोदार मागत फिरवणार पोराला? आपल्या घरात खायला नाही का?" पहिल्या तीन घरांपर्यंत त्या फुटपाथवरच थांबल्या. चौथ्या घरी एक पंजाबी आजी दारात खुर्ची टाकून बसल्या होत्या. बंड्याने गोळी घेतली, वाकून "थँक्यू" म्हटलं, त्या आजींनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. झालं! आईंच्या डोक्यात प्रकाश पडला. "अगं, ही तर मुंजीतली भिक्षावळ!" त्यानंतर प्रत्येक दारात त्या बंड्याच्या पुढे. "नीट माग. आवाज मोठा काढ." भवति भिक्षां देहि तेवढं म्हणायला लावलं नाही, हे माझं नशीब.

एका घरासमोर तो बारा फुटी प्लॅस्टिकचा सांगाडा उभा होता. चार वर्षांपूर्वी इथल्या दुकानांत आला आणि आता जिकडेतिकडे दिसतो. मला वाटलं, आता भोकाड पसरणार. बंड्याने मान वर करून बराच वेळ निरखून विचारलं, "हा जेवत नाही का?" आईंनी संधी साधली: "नाही ना! रोज पोळी टाकायचा." गुरुवारपासून पोळी संपते आहे. कोणत्या डॉक्टरला जमलं नव्हतं ते सांगाड्याने केलं.

आणि आता ते, ज्याच्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं. पलीकडच्या गल्लीत एका पायरीवर हिरवट निळा रंग दिलेला भोपळा ठेवलेला होता. मी वाचलं होतं, पण प्रत्यक्ष पहिल्यांदाच बघितला. असा भोपळा म्हणजे या घरी खाण्याखेरीज काहीतरी मिळेल, अ‍ॅलर्जीवाल्या मुलांनी बिनधास्त यावं. टेनेसीतल्या एका आईने २०१२मध्ये हे सुरू केलं आणि २०१४पासून एका संस्थेने देशभर पोचवलं. दार उघडलं ते पन्नाशीच्या एका बाईंनी. मी काही बोलायच्या आत त्यांनी माझ्या पर्समधून डोकावणारी एपिपेनची हिरवी डबी बघितली आणि नुसतं विचारलं, "शेंगदाणा?" मी मान हलवली. "आमच्या लेकीला दूध आणि अंडं. ती आता कॉलेजात आहे." त्यांनी टोपली पुढे केली: अंधारात चमकणारी कडी, रबरी कोळी, खडूंच्या डब्या. बंड्याला म्हणाल्या, "यातलं तुला हवं ते घे." शमे, 'हवं ते घे' हे वाक्य त्या पोराला घराबाहेर क्वचितच कुणी म्हटलं असेल. वाढदिवसाला गेलो तरी मी केकपाशी पहारेकऱ्यासारखी उभी. त्याने इतका वेळ लावला की मागे रांग लागली, पण बाई काही म्हणाल्या नाहीत. शेवटी कोळी घेतला. माझे डोळे भरून आले आणि आईंना वाटलं मला कोळ्याची किळस आली.

घरी आल्यावर खरी परीक्षा. जमलेल्यातलं अर्धं काढून घ्यायचं म्हणजे रडारड ठरलेली. पण नवऱ्याने अक्कल लढवली, जी सहसा लढवत नाही. म्हणाला, "चला ड्रायव्हरसाहेब, गाडी रिकामी करा. ओला कचरा इकडे, सुका तिकडे." सतरंजीवर सगळं ओतलं. मी एकेक नाव वाचायची, यादी नसलेलं थेट 'ओल्यात'. बंड्या इतक्या गंभीरपणे वर्गीकरण करत होता की एक ठीक असलेला लॉलीपॉपही त्याने स्वतःहून ओल्यात टाकला, "चिकट आहे" म्हणून. एक अश्रू नाही. 'ओला' ढीग नवऱ्याने ऑफिसला नेला, मात्र त्याआधी आईंनी त्यातलं एक रीसेस बाल्कनीत जाऊन खाल्लं, हात-तोंड साबणाने धुऊन आत आल्या आणि निकाल दिला: "शेंगदाण्याचा लाडू आहे गं. गूळ घातला असता तर बरा लागला असता."

एक काम आहे तुझ्याकडे. १२ तारखेला कार्तिकी एकादशी. आईंचा उपास, आणि बंड्यालाही आजीच्या ताटातली साबुदाण्याची खिचडी हवी असते. काजू त्याला चालतात, डॉक्टरांनी तपासून सांगितलंय. पण काजूचं कूट घातलं की खिचडीचा गोळा होतो. तुझ्या मावशी ओलं खोबरं घालून मोकळी करायच्या ना? त्या साबुदाणा किती पाण्यात भिजवायच्या आणि खोबरं फोडणीत घालायच्या की वरून, तेवढं विचारून ठेव. पत्राची वाट बघत बसत नाही, फोनच कर. आमच्या सकाळी केलास तर बरं, पण आता तासाचा फरक पडलाय, साडेनऊ नाही, साडेदहा तास धर.

तुझी,
मंजू