आजीच्या डब्यातल्या शिवराया

प्रिय बाळ्या,

सप्रेम नमस्कार.

"झिजलेली शिवराई म्हणजे नुसतं तांबं," असं तू शिवाजी महाराजांच्या नावाच्या या तांब्याच्या नाण्याबद्दल फोनवर म्हणालास ना, ते डोक्यातून जाईना. तुझा नाण्यांचा अल्बम चकचकीत आहे, मान्य. पण गेल्या आठवड्यात आजीच्या देवघरातला पितळी डबा उघडला, त्यात सात शिवराया निघाल्या आणि सगळ्या तुझ्या लेखी बाद!

एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसरीकडे 'छत्रपति', एवढाच मजकूर. माझ्या हातातल्या एकीवर मात्र धड 'जा' तेवढा दिसतो. मुळात ठसा मोठा आणि चकती लहान, त्यामुळे ठोकतानाच अक्षरं काठाबाहेर गेलेली. दुसरीवर 'शिव'च्या जागी चक्क 'सिव'. आधी हसू आलं. मग वाटलं, कोरणारा बोलत असेल तसंच कोरून मोकळा झाला असेल. आपल्या मास्तरांनी लाल रेघ मारली असती.

आता याच्याशेजारी पेशव्यांच्या पुण्याचा अंकुशी रुपया ठेवून बघ. मजकूर फारसी, नाव दिल्लीच्या मुघल बादशहा शाह आलमचं, आणि आपलं म्हणावं असं काय, तर अंकुशाची बारीकशी खूण. मला यात लाचारी दिसत नाही. रुपया परमुलखातल्या सराफाकडेही चालायला हवा, तिथे ओळखीचं रूपच कामाचं. मीठ-मिरचीच्या बाजारात फिरणाऱ्या तांब्याला ती अडचण नव्हती, म्हणून तिथे राजाचं नाव देवनागरीत राहिलं. तेही किती काळ! महाराजांनंतर छत्रपती बदलले, कारभार पेशव्यांकडे गेला, तरी शिवराई पडतच राहिली. इंग्रजी अमलातही ती बाजारात होती. आमच्या डब्यातल्या तीन तर दोन आडव्या रेघांच्या, दुदांडी, म्हणजे बऱ्याच नंतरच्या. आजीला हे सांगितलं तर म्हणाली, "महाराजांचं नाव आहे ना? मग झालं."

राजा बदलला की नाणं वितळवायचंच असंही नसतं म्हणा. नाशिकजवळ जोगलटेंभीला 1906 साली क्षत्रप राजा नहपानाची 13,000 च्या वर चांदीची नाणी सापडली. त्यातल्या 9,000 हून जास्त नाण्यांवर त्याला हरवणाऱ्या सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीनं आपला ठसा मारलेला. खाली हरलेल्याचा चेहरा अर्धामुर्धा डोकावतोय, वर जिंकलेल्याची खूण. जुन्या पाटीवरच नवीन दुकानाचं नाव रंगवावं तसं.

डब्यात एक भोकाचा पैसाही होता, 1943 चा. महायुद्धात तांब्याची टंचाई, म्हणून मधोमध भोक पाडून धातू वाचवलेला. काकाच्या करगोट्यात तो ओवलेला असायचा म्हणे. आजी अजूनही चार आण्यांना पावली म्हणते, आठ आण्यांना अधेली. 1957 साली दशमान पद्धत आली, ती तिच्या जिभेपर्यंत काही पोचली नाही.

एक कबुली मात्र द्यायलाच हवी. झिजलेल्या कडांवरून बोट फिरवत मी मनातल्या मनात बाजार, कनवटी, हजारो हात असं बरंच काही रंगवत बसलो होतो. तेवढ्यात आजी म्हणाली, "दर दिवाळीला चिंचेनं लख्ख घासते मी, सासूबाईंपासूनची रीत आहे." म्हणजे निम्मी झीज घरचीच! तू असतास तर तिथेच कपाळाला हात लावला असतास.

'सिव'वाली तुला दाखवायला बाजूला ठेवलीय. येताना भिंग आण. आणि आजीसमोर चिंचेचा विषय काढू नकोस.

तुझा,
अण्या