‘मला काहीच होत नाही’

चि. निनाद यास,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू सहज बोलून गेलास, “बाकीचे दोन ग्लासांत आडवे होतात, मला काहीच होत नाही.” बोलताना तुझ्या आवाजात थोडा अभिमान होता. तू दारू घेतलीस याचा राग आहे, तो वेगळा. मला धास्ती वाटते ती त्या ‘काहीच होत नाही’ची.

तुझ्या आजोबांनाही, म्हणजे माझ्या बाबांनाही, काही होत नसे. बैठकीतले बाकीचे झिंगायचे, बाबा ताठ बसलेले असायचे आणि शेवटी तेच सगळ्यांना घरी पोचवून यायचे. लोक कौतुकानं म्हणायचे, “पचवावी तर यांनीच.” चाळिशी उलटल्यावर सकाळी कप उचलताना त्यांचा हात इतका थरथरायचा की अर्धा चहा बशीत. दारूचा घोट पोटात गेला की मगच हात थांबायचा. तुझ्या मामाला त्या वासाचाही तिटकारा होता, तरी पंचविशीच्या आत तोही त्याच वाटेनं गेला. आणि बाबांचे सख्खे धाकटे भाऊ, आपले अण्णाकाका? त्यांना अर्ध्या ग्लासात झोप येते. त्यांची गाडी कधी पुढे गेलीच नाही.

हे आपल्या घरापुरतं नाही. अमेरिकेत मार्क शुकिट या मानसोपचारतज्ज्ञानं विशीतल्या तरुणांना मोजून मद्य दिलं आणि त्यांच्यावर किती परिणाम होतो ते पाहिलं. त्यातल्या काहींचे वडील व्यसनी होते. सुमारे १० वर्षांनी त्यांना पुन्हा गाठलं. १९९४ साली त्यानं जे निष्कर्ष मांडले, ते मी पुन्हा पुन्हा वाचले. व्यसनी वडिलांच्या ज्या मुलांना कमी चढली होती, त्यांच्यातले ५६ टक्के व्यसनात अडकले होते. ज्यांना चांगलीच चढली होती, त्यांच्यातले १४ टक्के. ‘आता पुरे’ हे ज्याचं शरीर उशिरा सांगतं, तो जास्त पितो, जास्त पिणाऱ्यांत रमतो आणि त्याला वाटतं, आपल्यात दम आहे. यकृतावर आणि मेंदूवर मात्र प्यायलेल्या प्रत्येक थेंबाचा हिशोब चढतच असतो.

जुळ्यांच्या आणि दत्तक मुलांच्या अभ्यासांतून दिसतं की मद्याच्या व्यसनात माणसामाणसांत जो फरक पडतो, त्यातला साधारण निम्मा आनुवंशिक असतो. याचा अर्थ तुला व्यसन लागण्याची शक्यता ५० टक्के आहे असा नव्हे. हा आकडा मोठ्या समूहाबद्दल बोलतो, एकट्या तुझ्याबद्दल नाही. व्यसनाचं असं एखादं जनुकही नसतं; पुष्कळ जनुकांचा थोडा थोडा हात असतो. पहिला ग्लास हातात येतो तो बहुतेक वेळा मित्रांमुळे. त्यातून बाहेर पडणं एकाला सोपं आणि दुसऱ्याला अवघड का जातं, तिथे रक्ताचा वाटा जास्त दिसू लागतो.

त्यात तुझं वय. मोह आवरणारा, पुढचा विचार करणारा मेंदूचा पुढचा भाग पंचविशीपर्यंत घडत असतो. सुख मागणारा भाग त्याच्या कितीतरी आधी जोरात असतो. म्हणून या वयात लागलेली सवय खोल रुजते.

पण तुझ्या बाबतीत मला रक्तापेक्षा स्वभावाची काळजी जास्त आहे. तू लहानपणापासून मनाला लावून घेणारा. परीक्षेच्या आदल्या रात्री तुझी पावलं खोलीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चाललेली मी ऐकली आहेत. नव्या माणसांत पहिला अर्धा तास तुझ्या तोंडून शब्द फुटत नाही. अशा मुलाला दारू फार लवकर जवळची वाटते, कारण ती खरंच तेवढ्यापुरता जीव हलका करते. उतरली की तीच बेचैनी आणखी वाढून परत येते, आणि मेंदू एवढंच लक्षात ठेवतो की मघाशी बरं वाटलं होतं. गंमत म्हणून घेणाऱ्यापेक्षा ताण विसरायला घेणारा जास्त अडकतो. मामाची सुरुवात नोकरीतल्या ताणानं झाली होती. त्याला कुणी कधी विचारलं नाही, तुला झोप का लागत नाही म्हणून.

म्हणून मी विचारते आहे. झोप लागते का? कुणाशी बोलतोस? घेतलीस ती कोणत्या दिवशी, काय झालं होतं त्या दिवशी? खरं सांग. मी ओरडणार नाही, रडले तर रडू दे.

माझं म्हणणं सरळ आहे: तू पिऊ नकोस. मित्रांना सांगायला कारण हवं असेल तर आमच्या घरात हा आजार आहे, असं सांग. मधुमेह असलेल्या घरातला मुलगा साखर जपून खातो, त्यात त्याला कमीपणा वाटत नाही. आणि एकट्यानं, झोपेसाठी किंवा कुणाला सामोरं जायची हिंमत यावी म्हणून प्यावीशी वाटली, तर त्याच दिवशी मला फोन कर, रात्री कितीही वाजले असोत.

समुपदेशकाकडे किंवा डॉक्टरकडे जावंसं वाटलं तर जा, पैशांचं मी बघते. तिथे आजोबांचं आणि मामाचं सगळं सांग. घराण्याची अब्रू वगैरे मनात आणू नकोस. त्यांना ते कळलं नाही तर उपचार अर्धाच होईल.

उत्तर लिही. फोनवर तू विषय बदलतोस.

तुझी,
आई